पाणी नितळ, मासे बेजार

टाकीतलं पाणी हिरवं झालं, गढूळ झालं किंवा त्याला वास यायला लागला, की कोणीही बादली शोधायला धावतो. खरा घात होतो तो पाणी नितळ असताना. अमोनियाला रंग नसतो आणि माशांना जीवघेण्या ठरणाऱ्या प्रमाणातही बहुतेक वेळा तो आपल्या नाकाला जाणवत नाही. सकाळी पाहावं तर मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताहेत, कल्ले लालभडक झालेत, पर अंगाला चिकटलेत. ‘कालपर्यंत तर छान होते हो!’ हे वाक्य मासे विकणाऱ्या दुकानात नेहमी ऐकू येतं आणि त्यावरचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: सगळं पाणी काढा, टाकी घासून धुवा, हे निळं औषध टाका.

या तिन्ही सूचना बऱ्याचदा दुखणं वाढवतात. का, ते समजण्यासाठी औषधांची यादी पाठ करायची गरज नाही. खाद्यातून टाकीत आलेला नायट्रोजन कोणत्या टप्प्यावर अडला आहे, एवढा एकच प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर मिळालं की उपाय आपोआप कळतो, आणि काय करायचं नाही हेही कळतं.

अमोनिया येतो कुठून

माशाच्या खाद्यात प्रथिनं भरपूर असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा साधारण १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. माणूस शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. मासा तेवढा खटाटोप करत नाही. तो अमोनियाच तयार करतो आणि त्याचा बहुतांश भाग कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. नदीत किंवा तळ्यात हे सहज खपून जातं, कारण पाणी अफाट असतं.

आता आपल्याकडची नेहमीची दोन फुटी टाकी घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात पाणी ५०च्या आत-बाहेर. तिच्यात रोज एक ग्रॅम खाद्य पडतं असं धरा आणि त्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं समजा. मत्स्यशेतीतल्या प्रचलित सूत्रानुसार त्यातून सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. ५० लिटरमध्ये तो रोज पाऊण पीपीएमच्या जवळ जातो. पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्याची वाट लावणारं कोणी टाकीत नसेल, तर चार दिवसांत आकडा तीनच्या आसपास पोहोचतो. न खाल्लेलं खाद्य, कुजलेली पानं, शोभेच्या दगडामागे मरून पडलेला एखादा गप्पी यांची भर वेगळीच.

माशाला त्रास नेमका कशाने होतो? रक्तातला अमोनिया बाहेर पडतो, कारण बाहेर तो कमी असतो. बाहेरच वाढला, की आतला निघेनासा होतो. मग मज्जासंस्थेवर परिणाम होतो, कल्ल्यांची नाजूक त्वचा सुजते आणि प्राणवायू घेणंही अवघड होतं. म्हणूनच अमोनियाने बाधलेला मासा आणि प्राणवायू कमी पडलेला मासा सारखेच धापा टाकताना दिसतात. नुसतं बघून निदान करणं म्हणून धोक्याचं.

टाकीचे खरे रहिवासी

१८५० साली लंडनच्या अपोथिकरीज हॉलमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल टाकीची कल्पना मांडली. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सडलेली पानं खाते आणि मासा सुखाने राहतो, असा त्यांचा सिद्धांत होता. घरगुती मत्स्यालयाच्या छंदाची पायाभरणी या प्रयोगाने झाली. त्यात एक पात्र मात्र राहून गेलं होतं, कारण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते पात्र दिसलं सांडपाण्याच्या प्रयोगात. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. जेवढा अमोनिया आत जाई तेवढाच बाहेर येई. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम बंद पडलं. याचा अर्थ, ही नुसती रासायनिक क्रिया नव्हती. वाळूवर कोणीतरी जिवंत बसलेलं होतं. पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे दुसऱ्या एका रॉबर्ट वॉरिंग्टननी दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जीवांकडून होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. हे वॉरिंग्टन म्हणजे टाकीवाल्या वॉरिंग्टनांचे चिरंजीव. वडिलांच्या भांड्यात नकळत चाललेलं काम मुलाने शेतातल्या मातीत ओळखलं. हे जीवाणू वेगळे करून वाढवण्यात यश आलं ते १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांना, झुरिकमध्ये.

ही यादी अजून संपलेली नाही. अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव) २००५ मध्ये वेगळा करण्यात आला, तो सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या टाकीतून. नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं जुनी पुस्तकं सांगत; १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते मुख्यत्वे नायट्रोस्पायरा या गटाचं काम आहे. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले.

घरच्या टाकीसाठी यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिक रिंगा, खडी, काच यांना चिकटून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, स्पंज नळाखाली पिळल्याने मात्र जातात. दोन, ते फार सावकाश वाढतात. अन्न नासवणारे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस, एक दिवस किंवा जास्तही लागतो. तीन, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम. आणि ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू मावतोच मुळी साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास.

आकडा वाचायचा कसा

थेंबांचं टेस्ट किट हे या छंदातलं सगळ्यात उपयोगी साधन. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नेहमीच्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य. हिरवट झाक आली की अमोनिया आहे. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कार्डावर नळी धरून जुळवायचा. पिवळ्या बल्बखाली शून्य आणि पाव यांतला फरक डोळ्याला कळत नाही. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली सूचनेत लिहिलं असेल तितका वेळ जोरात हलवावी लागते. त्यातली भुकटी तळाशी बसून राहते. आळस केला तर आकडा खोटा, कमी येतो.

हे किट अमोनियाची दोन्ही रूपं एकत्र मोजतं. पाण्यात अमोनियाचा काही भाग मुक्त अमोनिया म्हणून असतो आणि उरलेला अमोनियम आयन म्हणून. विषारी तो मुख्यतः मुक्त भाग. अमोनियम त्या मानाने सौम्य. कोणता भाग किती, हे ठरतं पीएच आणि तापमानावर. आपल्याकडच्या २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.७ टक्के भाग मुक्त असतो. पीएच ८ झाला की तोच ६.५ टक्के होतो. म्हणजे किटवर दोन्ही टाक्यांत एक पीपीएम दिसत असला, तरी पहिल्या टाकीत मुक्त अमोनिया ०.००७ आणि दुसरीत ०.०६५. मुक्त अमोनिया ०.०२च्या वर फार काळ राहू नये, असं सर्वसाधारणपणे मानतात. पहिल्या टाकीतले मासे दिवस ढकलतील, दुसरीतले धापा टाकतील. पीएच न मोजता अमोनियाच्या आकड्यावरून घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही व्यर्थ.

म्हणून बिघाडाच्या वेळी पाच आकडे हवेत: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि तापमान. शिवाय नळाच्या पाण्याचे तेच आकडे वेगळे. हे हातात आले की अडथळा कुठे आहे ते दिसू लागतं.

अडलं कुठे

अमोनिया आहे, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य: टाकी नवी आहे, काम करणारे अजून आलेच नाहीत. रविवारी टाकी आणली, संध्याकाळी दहा मासे सोडले, गुरुवारपासून मरायला लागले, ही गोष्ट घरोघरी घडते. श्लोसिंग-म्युन्त्झ यांच्या नळीला लागला तसाच वेळ टाकीलाही लागतो. साधारण चार ते सहा आठवडे. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं, मग नायट्रेट दिसतं. या काळात पाणी दुधाळ होणंही नेहमीचं आहे. ते वेगळ्या, भराभर वाढणाऱ्या जीवाणूंचं काम. त्यापायी टाकी रिकामी करू नये. वाट पाहण्याचा कंटाळा असेल तर खात्रीचा जवळचा रस्ता एकच: ओळखीच्या, निरोगी आणि जुन्या टाकीतला वापरात असलेला स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून आणायचा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा.

टाकी वर्षभराची, आणि अचानक अमोनिया: गेल्या आठवड्यात काय केलं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘फिल्टर स्वच्छ धुतला.’ नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापाशी ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं लागतं. तेच स्पंजवरच्या जीवाणूंना लागू पडतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा, गाळ जाईल इतपतच. दोन स्पंज असतील तर दोन वेगवेगळ्या आठवड्यांत. निळ्या औषधाचंही तसंच. मिथिलीन ब्लू बुरशीवर उपयोगी आहे, पण ते अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंनाही मारतं. काही प्रतिजैविकंही तेच करतात. औषध द्यायचं तर आजारी मासा वेगळ्या टबात काढून द्यावं.

वीज गेली, परत आली, नंतर अमोनिया चढला: बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की जीवाणू आतला प्राणवायू पाहता पाहता संपवतात आणि मग स्वतः मरू लागतात. वीज काही तास गेली असेल तर फिल्टर तसाच सुरू करू नये; आतलं पाणी ओतून द्यावं, स्पंज टाकीच्या पाण्यात हिसळावा, मग चालू करावा. ज्या गावांत वीज रोज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर हे महागड्या डब्यापेक्षा भरवशाचे.

पाणी बदलल्याबरोबर त्रास: इथे दोन शक्यता आहेत. पहिली क्लोरीनची. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनची मात्रा वाढू शकते; नेहमीचे दोन थेंब अँटी-क्लोरीन तेव्हा पुरेलच असं नाही. साधं क्लोरीन उघड्या बादलीत एअर स्टोन लावून दिवसभर ठेवलं की उडून जातं. क्लोरामाइन असेल तर तसं उडत नाही, आणि अँटी-क्लोरीनने ते तोडलं की त्यातला अमोनिया मागे उरतो.

दुसरी शक्यता जुन्या टाकीची, आणि हे प्रकरण खरोखर चकवणारं आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवण्याची ताकद, खातं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मऊ, म्हणजे क्षारता मुळातच बेताची. महिनोन्महिने पाणी न बदलता फक्त वरून भर घालत राहिलं, की ती संपते आणि पीएच घसरत ६च्या आसपास येतो. तिथे जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साठतो, पण इतक्या खालच्या पीएचला तो जवळपास सगळा अमोनियम असतो, म्हणून मासे तग धरतात. अमोनिया ४, पीएच ६.२, तापमान २८: मुक्त भाग अवघा ०.००४. मग एखाद्या रविवारी उत्साहाने अर्धं पाणी बदललं जातं. एकूण अमोनिया निम्मा होऊन २वर येतो, पण ताज्या पाण्याने पीएच ७.६वर गेला तर मुक्त अमोनिया ०.०५४ होतो. अमोनिया निम्मा केला आणि विष बारापट वाढलं. संध्याकाळपर्यंत मासे उलटे. ‘पाणी बदललं म्हणून मेले’ असा निष्कर्ष काढून लोक पुढे पाणी बदलणंच सोडतात आणि पुढच्या संकटाची तयारी होते. अशा टाकीत रोज दहा टक्के पाणी बदलत, अमोनिया आणि पीएच दोन्हींवर नजर ठेवत आठवडा-दोन आठवड्यांत टाकी रुळावर आणायची असते.

बोअरच्या पाण्याची तऱ्हा उलटी. क्षार भरपूर, त्यामुळे पीएच टिकतो. पण तो वरच्या बाजूला असल्याने थोडा अमोनियाही डसतो. शिवाय ताज्या उपशाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. लगेच मोजलेला पीएच कमी येतो आणि हवा लागल्यावर चढतो. बोअरचं पाणी दिवसभर बादलीत हवा देऊन मगच मोजावं आणि वापरावं.

मधला टप्पा: नायट्राइट

अमोनिया शून्य आणि नायट्राइट चढलेलं, म्हणजे पहिली फळी कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं. मग रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि तपकिरी दिसतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. इथे स्वयंपाकघरातला उपाय खरोखर चालतो. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्याच्या त्याच वाटेवर नायट्राइटला अडवतो. दहा लिटरला एक ग्रॅम खडेमीठ म्हणजे सुमारे ६० पीपीएम क्लोराइड. दोन फुटी टाकीला पाच ग्रॅम, आधी मग्यात विरघळवून. टाकीत अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडे असतील तर ते आधी काढा, कारण मिठाच्या पाण्यात ते शोषलेला अमोनिया परत सोडतात.

तातडीचं आणि कायमचं

मासे धापा टाकताहेत आणि किट हाताशी नाही, अशा वेळी खाद्य बंद करावं. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. एअर पंप पूर्ण सोडावा. मेलेला मासा, कुजकं पान, तळाचं खाद्य सायफनने ओढून काढावं. टाकी नियमित पाणी बदललेली असेल तर तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून, बदलावं. महिनोन्महिने दुर्लक्षित असेल तर थोडंथोडंच. फिल्टरला हात लावू नये. एका दिवशी चार औषधं टाकली तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

संकट टळल्यावर मात्र थोडं गणित करावं. फिल्टर नायट्रोजन टाकीबाहेर काढत नाही, फक्त त्याचं रूप बदलतो. सुरुवातीचा तो एक ग्रॅम खाद्याचा हिशोब पुढे नेला तर ५० लिटरच्या टाकीत आठवड्याला सुमारे २३ पीपीएम नायट्रेट साठतं. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं, तर काही आठवड्यांनी बदलण्याआधीचा आकडा ७७च्या आसपास स्थिरावतो. निम्मं बदललं तर ४६वर. नायट्रेट ४०-५०च्या खाली ठेवायचं असेल तर निम्म्या पाण्याला पर्याय नाही, किंवा खाद्य अर्ध्या ग्रॅमवर आणलं तर ३० टक्क्यांत भागतं. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली, व्हॅलिस्नेरिया किंवा हॉर्नवर्ट लावली तर त्या वनस्पती अमोनियम आणि नायट्रेट खाऊन थोडा भार उचलतात, पण त्यांची वाढ छाटून बाहेर काढली तरच तो नायट्रोजन टाकीतून जातो.

दोन फुटी टाकीत ऑस्कर किंवा चार-पाच गोल्डफिश ठेवले तर हे गणित कोणत्याही बाटलीने जुळत नाही. हे मासे वाढतात, खातात आणि त्या प्रमाणात अमोनिया सोडतात. तिथे औषध विकत घेण्यापेक्षा मोठी टाकी घ्यावी किंवा मासे दुसऱ्या कोणाला द्यावेत. आणि कोणाला द्यायचे नसतील, तर रोज किती खाद्य टाकतो ते एकदा काट्यावर मोजून, त्यावरून आठवड्याला किती बादल्या उपसाव्या लागतील ते काढावं आणि तेवढ्या उपसण्याची तयारी ठेवावी.